तेलाच्या चिंध्या

आमच्या ह्यांना, चांदसाहेबांना, शिस्तीचं भारी वेड. कुपवाडच्या शेडमध्ये फर्निचरला पॉलिश झालं की जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचे घट्ट बोळे करून ते खोक्यात दाबून ठेवायचे. आमचा पोरगा सद्दाम त्याच चिंध्या तारेवर पसरायचा, तर ह्यांनी त्याला 'गबाळ्या' म्हणून झापायचं.

चार वर्षांपूर्वी भर दुपारी शेड पेटली. माळ्यावर माझा दीर शाहनवाज झोपला होता. तो गेला, मागे त्याची बायको एकटी राहिली. आगीच्या थोडंच आधी सद्दामने तिथे सिगारेट ओढली होती. मग काय, सगळ्या गल्लीला गुन्हेगार सापडला. ह्यांनी त्याला चुलत्याच्या मय्यतीलाही येऊ दिलं नाही. पोरगा उंब्रजला जाऊन दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारू लागला. मी आई असून गप्प बसले, त्याची लाज मला आजही वाटते.

विम्याच्या तपासणीचा इंग्रजी कागद तेव्हापासून ट्रंकेत पडून होता. यंदा बी.एस्सी.ला गेलेल्या आमच्या सुमैराने तो वाचला.

"अब्बा, आग स्पॉन्टेनियस लागली, असं लिवलंय."

"म्हंजी?"

"बोलन्यात त्याचा अर्थ येगळा. कुनी न सांगता मनात आलं आन् उठून नाचाय लागलं, तसलं. शास्त्रात मनाचा संबंध न्हाई, घाईचा बी न्हाई. भायरनं काडी लागत न्हाई. तेलाच्या बोळ्यात आतल्या आत ऊब साठत जाती, कितीतरी तास, आन् आपसूक पेट घेतं. पसरून टाकल्यावर ऊब उडून जाती."

ह्यांनी कागद हातात घेतला. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिले.

"बोळं मी केलं हुतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उंब्रजला निघालो. एसटीत मी म्हटलं, "आवं, नुसतं घरी चल म्हना. बाकीचं कशाला काढताय?" मला नवराही हवा होता आणि पोरगाही.  पण दुकानाच्या दारात उभ्या उभ्या ह्यांनी सद्दामला सगळं सांगितलं.

तो फळी खाली ठेवून ऐकत होता. मला वाटलं, आता हा ओरडेल, चार वर्षांचं सगळं बाहेर काढेल.

"चाचीला सांगितलं?" त्याने विचारलं.

"न्हाई. आता तिकडंच जानार."

"नगा जाऊ, अब्बा. ह्या वयात तुमास्नी झेपायचं न्हाई. आळ माझ्यावरच ऱ्हाऊ दे. मला सवय झालीया."