काळ्या दगडावरची रेघ

इथल्या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या धर्मादाय डोळ्यांच्या हॉस्पिटलला पंचाहत्तर वर्षं झाली आणि समारंभात त्याचा इतिहास सांगायला आमच्या शाळेतून निवडलं कुणाला? मला! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘येस मिस’ म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे.

इतिहास तर घरातच होता. माझे आजोबा, संताजीआप्पा. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या रंगप्पा डॉक्टरांनी फुकट केलं होतं. मी त्यांनाच सोबत घेतलं.

गेटपाशी आप्पा डावीकडच्या बाईला धडकले.

“आप्पा, आता तरी डावा डोळा दाखवा ना!”

“तो पिकायचाय अजून. रंगप्पा डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, मोतीबिंदू पिकला की ये.”

“आंबा आहे का तो?”

“स्वल्प थांब गं, वटवट करू नकोस.”

घरात सगळ्यांना हेच उत्तर मिळायचं. पण त्या दिवशी जुन्या पेशंटांची तपासणी होती. मी हात धरून त्यांना आत बसवलंच.

रम्या डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “अज्जा, मोतीबिंदू आहे थोडा. पण नजर गेली ती काचबिंदूनं. आधी आला असतात तर वाचली असती. आता परत नाही येणार. उजव्याला आजपासून थेंब घाला, तो सांभाळू.”

“रंगप्पा डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते.”

“खोटं नव्हतंच, अज्जा. तेव्हा तसंच करायचे. आता पिकायची वाट बघत नाही कुणी.”

“सरी, ठीक आहे,” आप्पा म्हणाले. चष्म्याची जाड काच ते पुसत राहिले. “मला कुणी सांगितलं नाही ते.”

आम्ही सांगत होतो. पण आम्ही कुठे डॉक्टर होतो!

सभागृहात शिरताना त्यांनी माझं मनगट दाबलं. “रंगप्पांचं चांगलंच सांग हं.”

भाषणात आरशासमोर घोटलेलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य आलं. पहिल्या रांगेत आप्पा मान वळवून उजव्या डोळ्यानं मला बघत होते.

“रंगप्पा डॉक्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” मी म्हणाले. “माझ्या आजोबांनी तो चाळीस वर्षं पाळला. म्हणून...”

पुढे आवाजच फुटेना.

लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आप्पांच्या.