लॉरीचं बोंबलणं

मेलेल्या बाईवर कुणी जळतं का? मी जळते. तोंडावर सांगते, मला काय कुणाची भीती हाय.

कावेरी तिचं नाव. आमच्या मालकांची पहिली बायको. मी दुसरी, तानुबाई. ती गेल्यावर वरीस सरायच्या आत मला ह्या पोखर्णी गावात करून आणली, अन् मांडवातच माझ्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. सवतीचा टाक. दुजवराला दिलेल्या बाईनं तो घालायचाच, न्हाईतर म्हणं मेलेली त्रास देती. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दावायचं, मंग आपुन नेसायचं. कुंकू आधी तिला, मंग मला. सासरी येऊन एक साधी चोळी सुद्धा मी पहिल्यांदा घातली न्हाई, सगळं तिचं उष्टं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण आडावरच्या बायका सुखानं पाणी भरू देतील तर शपथ. "कावेरी लय गरीब गं. तिचा आवाज उंबऱ्याभाईर कुणी ऐकला न्हाई." अन् असं म्हणून माझ्याकडं बघायच्या. माझा आवाज हाय मोठा. माहेरी बापाचं शेत नदीच्या पल्याड, जेवायला हाका मारून मारून गळा तसाच झाला, त्याला मी काय करू? शेवटी त्यांचं ठरलेलं असायचं: "बाळंतपणात अडली, लॉरीत घालून परभणीच्या दवाखान्यात न्यायले, वाटंतच गेली बिचारी. पण हूं की चूं केलं न्हाई." म्हणजे मरताना सुद्धा गप मेली म्हणून कौतुक. मी मेले तर ह्या म्हणतील, बरं झालं, गाव निवांत झालं.

आता लॉरीचं सांगते. लॉरी आबासाहेबांची. आबासाहेब म्हणजे आमच्या भागातले बडे जमीनदार. कापूस परभणीच्या जिनिंगला न्यायला त्यांनी हैदराबादेहून डिझेलची लॉरी आणली, तीही जुनीच, अन् तिच्यावर डायवर आमचे मालक. लोक त्यांना चंद्रभान म्हणतात. लॉरीचा सायलेन्सर पार सडलेला. इंजिन सुरू झालं की नरसिंहाच्या देवळावरची कबुतरं उडायची. तहसीलदाराची पेट्रोलची मोटार कव्हा आली अन् कव्हा गेली, कुणाला पत्ता नसायचा. आमची लॉरी मात्र शिवारात कुठंबी असू द्या, घरात बसून कळायचं.

मला तो आवाज लय आवडायचा. लॉरी ओढ्यात उतरली की आवाज जड व्हायचा, अन् तिकडं तो जड झाला की इकडं मी चुलीवर तवा ठेवायची. मालक दारात, भाकरी ताटात. शेजारपाजारच्या म्हणायच्या, "तानुबाईचा नवरा आला वाटतं." कावेरीचा न्हाई, तानुबाईचा. गावात मला माझी म्हणून एवढी एकच गोष्ट मिळाली व्हती, अन् तिच्यात सवतीचा वाटा नव्हता.

अन् नेमका तोच आवाज मालकांना नको झालेला.

"गाडी गप पाहिजे," ते जेवताना म्हणायचे.

"का पण?"

"पाहिजे म्हणून."

"गावाला आवडतो आवाज. मला बी आवडतो."

"हळू बोल. ऐकायलोय मी."

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड. ह्यांना गाडी गप पाहिजे, बायको गप पाहिजे, म्हणजे कोण पाहिजे ते काय मला कळत न्हाई? ताटात भाकरी आदळून मी चुलीकडं तोंड करून बसायची. ते गुमान जेवून उठायचे. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तव्हा मला सहावा महिना लागला व्हता. पोट दिसायला लागल्यापासून मालकांनी सायलेन्सरचा जास्तच ध्यास घेतला. आबासाहेबांच्या घरी मी डाळ निवडायला जायची, त्यामुळं ओसरीवर काय चाललंय ते सगळं मला माजघरात ऐकू यायचं. एक दिवस मालकांनी परभणीच्या बन्सीधर मिस्त्रीलाच संगं आणलं.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, इंजिन गप असलं की त्याचं दुखणं डायवरला कळतं. आत काही खडखड झाली तर ह्या बोंबलण्यात काय ऐकू येणार? एक दिवस वाटंत बसंल गाडी."

"डिझेलचं इंजिन हाय का शिलाईची मशीन?" आबासाहेब म्हणाले. "घरधनी खाकरून घरात येतो, तसं हाय हे. लॉरी वाजली की चार गावांना कळतं, आबासाहेबाचा कापूस चालला. मेंढरावाले आधीच बाजूला व्हतात, गाडीवाले बैल सावरतात. अन् सायलेन्सर बसवला की ताकद दबती. दबती का न्हाई, सांग."

"थोडी दबती," मिस्त्री म्हणाला. "न्हाई म्हणत न्हाई."

"मंग कशाला?"

मालक खाली बघत म्हणाले, "आबासाहेब, मला मागचं काहीच ऐकू येत न्हाई."

"मागं कापूस असतो. कापूस काय बोलतोय तुझ्याशी?"

सगळे हसले. तेवढ्यात मी सूप खाली ठेवलं अन् दाराआडून म्हणलं, "आबासाहेब, आवाज राहू द्या. गावाची इज्जत हाय ती."

आबासाहेब खूश. "बघ चंद्रभान, तुझ्या बायकोला कळतं, तुला कळत न्हाई."

मालकांनी दाराकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी राग झेलला असता, पण ते एखाद्या परक्या बाईकडं बघावं तसं बघायलेले. घरी आल्यावर माझ्याशी बोलणंच टाकलं. मी मात्र मनात खूश. एकदा तरी तिच्यावर मात केली, असं वाटायलेलं.

पुढं आठवड्याभरात कस्तुराबाई आली. कस्तुराबाई म्हणजे आमच्या गावची सुईण, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पोटाला तेल लावता लावता तिनं इचारलं, "चंद्रभान गप गप का हाय गं?"

"त्यांना लॉरी कावेरीसारखी पाहिजे," मी म्हणलं. "हूं न्हाई की चूं न्हाई. मी मोडता घातला."

तिचा हात थांबला.

"कोण म्हणलं तुला कावेरी गप व्हती?"

"सगळं गाव म्हणतं. मरताना सुद्धा गप गेली म्हणतात."

कस्तुराबाईनं हात पदराला पुसले अन् दाराकडं एकदा बघून घेतलं. "मी संगं व्हते पोरी. मागं, सरकीच्या पोत्यांवर वाकळ टाकून तिला निजवलं व्हतं. ओढा वलांडला अन् ती ओरडायला लागली. गाडी थांबवा म्हणायली. धक्का बसला की तिचा जीव जायचा. मी पुढची फळी बडवली, हाताची सालटं निघाली माझ्या. दोघी मिळून ओरडलो. त्या इंजिनापुढं आमचं काय ऐकू जातंय? चंद्रभानला वाटलं, जेवढी जल्दी न्यावी तेवढं बरं. त्यानं गाडी आणखी पळवली. दवाखान्यापुढं थांबून मागं आला, तव्हा ती गार पडली व्हती."

मी पदर पोटावर ओढून घेतला.

"त्यानं मला एकच इचारलं. कस्तुराबाई, तिनं हाक मारली व्हती का? मला खोटं सुचलं न्हाई गं त्या येळी. खरं सांगून बसले. मंग गावाला सांगितलं, गप गेली. लोकांनी तरी त्याला बोलू नये म्हणून."

कस्तुराबाई गेली. मी तशीच पडून राहिले. आता सांगते ते कुणाला आवडंल न आवडंल. मला कावेरीची दया यायला पाहिजे व्हती, अन् आली बी. पण दयेच्या आधी राग आला. एवढे दिवस मला वाटायचं, मालक तिच्या गपपणावर जीव टाकतात. तसं नव्हतं. ते घरात बसून तिची हाक ऐकायलेले. जी कधी कानावर पडली न्हाई ती हाक, अन् समोर मी एवढी घसा फोडून बोलायले ते ऐकू येईना. गप बाईला मी कधीतरी हरवलं असतं. ओरडणाऱ्या बाईला कसं हरवायचं?

अन् मंग पोटातलं पोर हाललं अन् मला भ्या वाटलं. माझं काही अडलं तर तीच लॉरी, तीच पोती, पुढं तेच मालक. अन् तो आवाज मीच राखून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी डाळ निवडायला गेले ती ठरवूनच गेले. आबासाहेब ओसरीवर पान लावायलेले.

"आबासाहेब, गंगाखेडच्या व्यंकटरावांनी नवी लॉरी आणली म्हणं."

अडकित्ता थांबला. व्यंकटराव म्हणजे आबासाहेबांच्या डोळ्यातलं कुसळ. दोघांचा कापूस एकाच जिनिंगला जायचा, अन् कुणाचं वजन आधी करायचं ह्याच्यावरून दर साली तोंडं वाकडी.

"आणंना का. आपल्याला काय."

"न्हाई, लोक म्हणायलेत म्हणून सांगते. इंजिन चालू हाय का बंद, हात लावून बघावं लागतं म्हणं. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब म्हणले, गाडी असावी तर अशी घरंदाज. बाकीच्या नुसत्या बोंबलतात."

तालुकदारसाहेबाचं मी पदरचं घातलं. पण जळणाऱ्या माणसाचं तोंड मला बरोबर ओळखू येतं, आरशात रोज बघते. आबासाहेबांनी पान तसंच ताटलीत टाकलं.

"बोंबलतात म्हणाला?"

"असं म्हणायलेत लोक. मला काय मालूम."

दिवस मावळायच्या आत बन्सीधर मिस्त्रीला सांगावा गेला. पुढच्या बाजारापर्यंत लॉरीला नवा सायलेन्सर बसला. आबासाहेब पंचायतीत सांगत सुटले, थोरामोठ्यांची गाडी गपच पाहिजे, वाजत फिरायला आपुन काय तमाशावाले हाव का? मालक घरी येऊन म्हणाले, "मर्जी फिरली बघ आबासाहेबांची." मी म्हणलं, "फिरली असंल." माझं मी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर का केलं ते सांगावं लागलं असतं, अन् मंग तिचं नाव आमच्या दोघांत आलं असतं. भाकरीला मात्र रोज उशीर व्हायला लागला. गाडी दारात आली तरी मला कळायचं न्हाई.

तुरीची रास चालली व्हती तव्हा मला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. कस्तुराबाईनं पोट चाचपलं अन् तिचा चेहरा उतरला. पोर आडवं हाय म्हणाली, परभणी गाठा. सकाळची येळ. मालकांनी लॉरी दारात लावली, पोत्यांवर वाकळ टाकली अन् मला उचलून वर ठेवलं. कस्तुराबाई माझ्या उशाला बसली.

गाडी निघाली. इंजिन खाली गुरगुरायलं, पण बाभळीवरचं पाखरू बोललं तरी ऐकू यायचं. कळ आली की मी दात खाऊन धरायची. का ते मला बी सांगता येत न्हाई. ओढा वलांडला, गाडी चढाला लागली. कस्तुराबाई माझ्याकडं बघंना, भाईर बघायली. मी वळखलं, इथंच.

कळ वसरली व्हती, तरी मी आवाज दिला. लय मोठा न्हाई, चुलीपासून ओसरीपर्यंत जावा एवढाच.

"अहो."

गाडी जाग्यावर उभी राहिली. दार आदळलं, पळत आल्याचा आवाज आला, अन् मागच्या फळीवर मालकांची दोन्ही हातांची बोटं दिसली. मंग त्यांचं तोंड वर आलं. तसं तोंड मी कुणाचं बघितलं न्हाई.

"कावेरी?" ते म्हणाले.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत न्हाई. माझं त्यांनी आजपर्यंत घेतलेलं न्हाई. तिचं बी कधी घेतलं नसंल, ती जिती असताना. कस्तुराबाईनं मान खाली घातली. मी तिथं पोत्यावर पडल्या पडल्या जळून खाक झाले. तोंडात आलं व्हतं, ती मेली, मी तानुबाई हाय, डोळे उघडून बघा. त्यांची बोटं फळीवर पांढरी पडलेली. ते माझ्याकडं बघायलेच न्हाईत, नुसते ऐकायलेले.

"ओ," मी म्हणलं. "आली ना ऐकू हाक? चला आता, हळू चालवा."