एकतिसाव्या ओळीतला बदली

करी रोडच्या ज्या टॉवरमध्ये मालन कामाला होती, तिथेच एके काळी तिच्या वडिलांच्या गिरणीचं साळखातं, म्हणजे मागांचं खातं, धडधडत असे. आता चौदाव्या मजल्यावर ती गिरणी संपाआधीच्या हजेरीपटांतून सरकारी घरासाठी पात्र कामगारांची यादी काढत होती. नियमांची फाईल दिली की पटांतले शब्द ओळखणारा प्रोग्राम, लेक्सर, आपोआप तयार होई.

“माझा नाव इला काय गो?” सकाळी डबा हातात देताना वडिलांनी, गणपत धुरींनी, विचारलं होतं.

नव्हतं आलं. त्यांच्यासारखी अकराशे नावं गळाली होती.

मालनने पट उघडला. वडिलांच्या नावापुढे शेरा: ‘बदली’. भोंग्याला गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि जो आला नाही त्याच्या मागावर राबायचं, तो बदली. लेक्सरने वाचलं होतं: बदली झाली, माणूस गिरणी सोडून गेला.

एकाच शब्दावर दोन नियम लागत होते. फाईलच्या सतराव्या ओळीत बदलून गेलेला, एकतिसाव्या ओळीत बदली कामगार. लेक्सर आधी लांब जुळणी निवडतो, म्हणून ‘बदली कामगार’ असं सबंध लिहिलेले तरले. पण कारकुनांनी बहुतेक ठिकाणी नुसतं ‘बदली’ खरडलं होतं. लांबी सारखी झाली, की फाईलमध्ये जो नियम आधी तो खरा.

“मशीनचा निर्णय आहे तो,” तिचे वरिष्ठ चिंतामणी म्हणाले.

“मशीनला कसला निर्णय, सर? वरची ओळ कुठली, एवढंच ते बघतं. आणि वर ती तुम्ही ठेवलीत.”

“अगं, उलट केलंस तर खरोखर बदलून गेलेलेही आत घुसतील!”

“घुसू देत. आत आलेल्याचे कागद कुणीतरी तपासेल. बाहेर राहिलेल्याला कोण विचारतंय?”

“तुझे बाबा आहेत त्यात, म्हणून ही तडफड.”

“आहेत. म्हणूनच तो शब्द मला वाचता आला.”

“मला वर कळवावं लागेल, मालन.”

“कळवा. माझ्या नावासकट.”

तिने एकतिसावी ओळ उचलून सतरावीच्या डोक्यावर ठेवली. लेक्सर नव्याने बांधला. पडद्यावर नावं उतरू लागली, गिरणीची पाळी सुटल्यासारखी, खांद्याला खांदा लावून. धुरी गणपत. साळखातं.

बदलाचं कारण विचारणारा रकाना रिकामा होता. तिने लिहिलं: ‘बदली हा आधी माणूस.’ आणि खाली, कुणी मागितलं नव्हतं तरी, पूर्ण नाव घातलं: मालन गणपत धुरी.