कपड्यांसकट

"सगळा हिवाळा त्या उशीच्या अभ्र्यासारख्या पोहण्याच्या पोशाखात कोंबलं आम्हाला, आणि आज म्हणे रोजच्या कपड्यांसकट उडी मारा!" बँकेतल्या कॅशियरबाई आत्याच्या कानाशी पुटपुटल्या. "कालच कडक इस्त्री करून घेतलीये या पँटला."

"माझ्या लाँड्रीतूनच ना? मग परत करून देईन," आत्या म्हणाली. "फुकट. आधी जिवंत बाहेर या."

शाळेच्या पोहण्याच्या तलावाशेजारची ती कपडे बदलायची खोली. आज कुणालाच काही बदलायचं नव्हतं, तरी सगळ्या बायका तिथेच एकमेकींच्या बरगड्यांत कोपरं खुपसून उभ्या होत्या. कारण बाहेर बाकं भरली होती. नवरे, सुना, नातवंडं, शेजारी आणि पहिल्या बाकावर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी बाई, मांडीवर छत्री आडवी ठेवून.

हा सगळा उपद्व्याप बेडकीचा. बेडकी म्हणजे आत्याची भाची, धाकट्या भावाची मुलगी. चालायच्या आधी पोहली असती, अशी पोर. तिच्या कप्तानपदाखाली शाळेच्या मुलींनी यंदा जिल्ह्याचा चषक आणला. मुख्याध्यापकांनी भाषण केलं, फोटो निघाले, चषक ऑफिसात गेला आणि आठवड्याभरात त्यात शिट्ट्या, केसांच्या पिना आणि कुणाची तरी किल्ली जमा झाली. मग ही बया मुख्याध्यापकांपुढे उभी राहिली. "सर, चषक छान आहे. पण आमच्या आया काठावर टॉवेल घेऊन उभ्या असतात आणि घोट्याच्या वर पाणी आलं की किंचाळतात. रविवारी तलाव रिकामाच असतो. आम्हाला द्या. प्रत्येकीने आपल्या घरातलं एक न पोहणारं मोठं माणूस आणायचं, आम्ही शिकवू."

सर 'बघू' म्हणाले. पण चषक जिंकलेल्या पोरींना नुसतं 'बघू' पुरत नाही. तलाव मिळाला.

आज त्याचा निकाल होता. अधिकारी बाईंनी सांगून ठेवलं होतं, की वर्गातल्या सगळ्या जणी उडी मारून, पाठीवर तरंगून, स्वतःच्या बळावर पलीकडे पोचल्या, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेचा तलाव रविवारी मोठ्यांसाठी उघडेल. एक जरी शिडीला लोंबकळली, तर पुढच्या वर्षी विचार करू. 'पुढच्या वर्षी विचार करू' म्हणजे काय, हे बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"आणि कपड्यांसकटच का गं?" कॅशियरबाईंनी दारात उभ्या बेडकीला गाठलं.

"काकू, बुडणारं माणूस घरी जाऊन पोशाख बदलून येत नाही."

"घ्या! बाकी घाबरायचं काय? पाण्यात पडलं की आपोआप पोहता येतं म्हणतात."

सगळ्या हसल्या. आत्या नाही हसली. ती म्हण तिने जन्मात कधी तोंडातून काढली नव्हती.

त्यांच्या घरात तीन भावंडं होती. ताई, म्हणजे ही आत्या, मधला आणि धाकटा. मधला कालव्यात गेला. एवढं वाक्यसुद्धा घरात कधी पुरं झालं नाही. 'त्या वर्षी' म्हणायचे आणि विषय बदलायचा. कालव्याकडचा रस्ता सरळ होता, पण घरचं कुणी त्या वाटेने जायचं नाही, बाजार लांब पडला तरी चालेल. आई गेली, वडील गेले. त्यांनी ना कधी ताईला बोल लावला, ना धाकट्याला. बोल लावला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. धाकट्याचा बूट पाण्यात पडला होता, तो काढायला मधला उतरला, आणि ताई धाकट्याचा हात घट्ट धरून काठावर उभी राहिली. त्यातून प्रत्येकाने दोषाचा आपापला वाटा उचलला आणि गुपचूप सांभाळला.

धाकटा आता रंगारी होता, घरं रंगवायचा. बादली कधी काठोकाठ भरू द्यायचा नाही. मुलगी पोहते म्हटल्यावर त्याने अडवलं नाही, पण एकही शर्यत पाहिली नाही. व्हॅनमधून फाटकाशी सोडायचा, फाटकाशी घ्यायचा. आत का नाही आलास, असं विचारलं, तर म्हणायचा, "पार्किंग मिळालं नाही." मैदानभर जागा मोकळी असायची. तिची पदकं फ्रिजच्या मुठीला लटकलेली. दूध काढताना तो ती हलक्या हाताने बाजूला सारायचा, झोपलेल्या मुलाचा हात सारावा तशी.

बेडकीने न पोहणारं माणूस म्हणून आधी त्यालाच विचारलं होतं. तो उठून गेला. मग ती लाँड्रीत आली, इस्त्रीच्या टेबलावर कोपरं टेकून म्हणाली, "आत्या, आपल्या घरात बुडायची भीती सगळ्यांना, आणि पोहायला येतं मला एकटीला. हा कुठला न्याय?"

आत्याने हातातला शर्ट पुरा इस्त्री केला, घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या मापाचा अभ्रा मिळेल का?"

पहिले कित्येक रविवार तिने काठ सोडला नाही. पोरीने कधी 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. एवढंच म्हणायची, "आत्या, पाण्याशी भांडू नकोस. तुझा स्वभाव आहे, माहितीये. पण पाणी दमत नाही, तू दमतेस. पाठीवर हो, कान बुडव, आकाश बघ."

शिट्टी वाजली. एकेक बाई जायला लागली. पोस्टमनची बायको पिशवीसकट उडी मारून गेली आणि पिशवी डोक्यावर धरून पोचली. बाकं हसून लोळली. कॅशियरबाईंनी नाक दाबलं, देवाचं आणि बँकेचं नाव घेतलं आणि पडल्या. मधेच थांबून पाठीवर तरंगत त्यांनी नवऱ्याला ओरडून सांगितलं, "व्हिडिओ काढताय ना? की नेहमीसारखा स्वतःचा अंगठाच टिपताय?" त्यासुद्धा पोचल्या.

शेवटी आत्या. अंगात कामाचा शर्ट, पँट आणि वरून लाँड्रीचा लांब एप्रन. बेडकीने 'रोज घालतेस तेच' म्हटलं होतं म्हणून. काठावर उभी राहिली आणि तिची नजर तारेच्या कुंपणाकडे गेली. पलीकडे व्हॅन उभी होती. व्हॅनच्या बाहेर धाकटा. दोन्ही हातांनी तार धरून.

'पार्किंग मिळालं वाटतं,' तिच्या मनात आलं, आणि तिने उडी मारली.

पाण्याने एप्रन वर उचलला आणि थेट तोंडावर आणून टाकला. सगळं पांढरं झालं. नाकातोंडात पाणी गेलं, शर्टाच्या बाह्या जड झाल्या, आणि तिला शाळेच्या शर्टातला मधला आठवला. असंच जड झालं असेल का रे? तिने हात झाडले, खाली गेली, पुन्हा झाडले. वरून कुणीतरी ओरडत होतं. शिडी हाताच्या अंतरावर होती, हे तिला माहीत होतं.

भांडू नकोस.

तिने भांडण सोडलं. मान मागे टाकली, कान बुडवले, पोट वर केलं. एप्रन तोंडावरून ओघळून बाजूला पसरला. आणि वर आकाश होतं, साधं, धुतलेल्या चादरीसारखं. पाण्याने तिला खालून हात लावून धरलं होतं. तिने श्वास घेतला. दुसरा घेतला. मग सावकाश कूस बदलली आणि हात मारायला लागली.

"बूट! अहो, बूट काढा! बूट चालत नाहीत इथे!" तलावाचे मास्तर कुणावर तरी कावले होते. ती दर हाताला तोंड वर काढायची, तेव्हा तिला काठावरून तिच्या बरोबरीने पळणारे बूट दिसायचे, पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे थेंब उडालेले. ती हळू झाली की बूट हळू व्हायचे. बाकांवरचे लोक उभे राहिले होते. पोहून झालेल्या बायका चिंब कपड्यांत काठावर थपथप नाचत होत्या. "ए इस्त्रीवाली! मार हात! मार!" कॅशियरबाईंचा आवाज बँकेत कधी एवढा चढला नसेल.

तिचा हात फरशीला लागला. पलीकडची फरशी. शिडी नव्हे, काठ.

अधिकारी बाई छत्री उंचावून उभ्या राहिल्या. "सगळ्या पास! रविवारी सगळे तलाव उघडे!" तिथून पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. पोरींनी मुख्याध्यापकांना उचलायचा प्रयत्न केला, ते वजनदार निघाले म्हणून बेडकीला उचललं. कुणीतरी ऑफिसातून चषक आणला. तो उलटा केल्यावर शिट्ट्या, पिना आणि किल्ली खळखळून खाली पडल्या. "माझी किल्ली!" मुख्याध्यापक ओरडले. पोरींनी चषकात तलावाचं पाणी भरलं आणि बेडकीच्या डोक्यावर ओतलं.

आत्या अजून पाण्यातच होती. काठाला दोन्ही कोपरं टेकून धापा टाकत, हसत, रडत. तिचं तिलाही नक्की कळत नव्हतं. पुढ्यात धाकटा गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या पँटचे गुडघे भिजले होते. रंगाचे डाग पडलेल्या हातांनी त्याने तिचं मनगट धरलं होतं, लहानपणी तिने त्याचं धरलं होतं तसं, घट्ट.

"वर ओढू?" त्याने विचारलं.

"थांब. माझी मी येईन. परीक्षा आहे."

तो थांबला. मनगट मात्र सोडलं नाही. डोक्यावरून पाणी निथळत असलेली बेडकी पोरींच्या खांद्यांवरून उतरून धावत आली आणि बापाला आत, काठाशी, पाण्यापासून वीतभर अंतरावर पाहून जागच्या जागी थबकली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग बहिणीकडे.

"ताई," तो म्हणाला, "बूट माझा होता. तू काठावर होतीस. पण दोष ना तुझा, ना माझा गं. त्याला पोहता येत नव्हतं. आपल्या तिघांनाही येत नव्हतं. आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं."