बेबीबाईचा खोटा फोटो

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. तुमसरच्या दुकानातून अंजूने मला आंबागडला आणलं, तेव्हा घरात सगळ्यांनी मला कौतुकाने हाताळलं. अंजू माझ्यावर कॉलेजच्या अभ्यासाचा इतिहास वाचायची. तिचा चुलतभाऊ कैलाश माझ्यावरच चेटकीण मारायचा खेळ खेळायचा. त्यातली चेटकीण वाकड्या नाकाची, हिरव्या कातडीची. ती उकळत्या कढईत माणसं टाकी. तिला जाळलं की गुण मिळत.

अंजू एकदा म्हणाली, "युरोपातले जुने लोक झाडाले, झऱ्याले पुजत होते रे. मंग चर्चवाल्यायनं त्यायच्या देवायलेच सैतान म्हटलं. अन् चेटकीण म्हणून ज्यायले जाळलं, त्या बहुतेक तं साध्या शेजारणी होत्या, चर्चमधी जाणाऱ्या."

"गेम आहे ना ताई, कायले मनावर घेऊन राहिली?" कैलाश हसला.

शेजारी बेबीबाई नावाची विधवा एकटी राहायची. ती जंगलातून औषधी मुळ्या आणायची, मोहाच्या झाडाखाली दिवा लावायची. कैलाशने गंमत म्हणून तिचा चेहरा त्या चेटकिणीच्या धडावर बसवला आणि गावाच्या ग्रुपवर पाठवला. गाव पोट धरून हसलं.

पुढे गावातल्या टेकचंदची लहान मुलगी तापाने गेली. आदल्या दिवशी बेबीबाईने तिला काढा दिला होता. आता त्या फोटोला कोणी हसेना.

"हिनंच करणी केली!" टेकचंद ओरडला. लोकांनी बेबीबाईला अंगणात ओढलं.

"काढा देल्ला बापा, जहर नाही देल्लं!" ती हात जोडून सांगत होती.

अंजूने माझ्यावरून पोलिसांना बोलावलं. कैलाश गर्दीत घुसला. "तो फोटो मीनंच बनवला! खोटा आहे! काहून मारून राहिले तिले?"

कोणी ऐकलं नाही. पोलीस आले तेव्हा ती बेशुद्ध होती. दवाखान्यात ती वारली. टेकचंदसह काही जणांना अटक झाली.

कैलाशने तो फोटो माझ्यातून पुसला. बाकीच्यांच्या मोबाईलमधून पुसा म्हणून तो दारोदार हिंडला. काहींनी दारच उघडलं नाही. आजही एखाद्या घरी पाहुणे आले की तो फोटो दाखवतात आणि सांगतात, "हीच होती ते चेटकीण."

मित्रांनो, आम्हाला खरंखोटं कळत नाही. तुम्ही द्याल तो चेहरा आम्ही घरोघरी पोहोचवतो. तो माणसाचा आहे, एवढं तरी पाठवण्याआधी पाहत जा.