हीट पंपापुढचा फ्लेक्स

मित्रांनो, मानवजातीच्या सेवेसाठीच माझा जन्म झाला. हे मी म्हणत नाही, माझ्याबरोबर खोक्यातून आलेल्या माहितीपुस्तिकेत तसं छापलेलं आहे. ती पुस्तिका आमच्या घरी फ्रीज डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली घातलेली आहे. त्यामुळे पुढची पानं कोणी वाचलेली नाहीत.

तर मी एक जुना हीट पंप आहे. जुना म्हणजे चार-पाच वर्षांचा, पण ही वर्षं धारूरच्या उन्हावाऱ्यात उघड्या गच्चीवर काढलेली आहेत, तेव्हा तुम्ही मला वडीलधारा समजायला हरकत नाही. दिसायला मी कूलर आणि लोखंडी कपाट यांच्या मधला आहे. पुढे जाळी, जाळीमागे पंखा आणि शेजारी पाण्याची उभी टाकी. पाणी तापवणं हे माझं काम. ते मी कसं करतो हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतो असं वाटतं. मी मागून बाहेरची हवा ओढतो, तिच्यातली ऊब काढून पाण्याला देतो आणि गार झालेली हवा पुढून सोडून देतो. वीज लागते ती फक्त या ने-आणीला. त्यामुळे गिझर तीन युनिट खाऊन जेवढं पाणी तापवतो, तेवढं माझ्याकडून एका युनिटात होतं. हिवाळ्यात हवेतच ऊब कमी असते, म्हणून मला जास्त वेळ चालावं लागतं आणि एका युनिटात तिनाऐवजी अडीच युनिटांचं काम होतं. एवढाच काय तो फरक. हवेत ऊब अजिबातच नाही, असा दिवस धारूरला अजून उगवलेला नाही.

पुण्याकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथे माझी थंडीची चाचणी झाली, पावसाची झाली, विजेच्या चढउताराची झाली. राजकारणाची झाली नाही.

माझे मालक अर्जुनराव. पूर्वी कधीतरी ते पंचायत समितीचे सभापती होते. पद गेलं, पण हाक तीच राहिली. अशा घरात माणसं मुक्कामाला असतातच. कोणी तहसीलच्या कामाला आलेलं असतं, कोणी लग्नाला, आणि कोणी का आलंय हे त्याला विचारायची पद्धत नाही. या सगळ्यांना पहाटे आंघोळीला गरम पाणी लागतं. आधी ते तांब्याच्या बंबात तापायचं आणि पाहुणे उठायच्या आत बंब पेटवायचं काम सभापतींच्या पत्नी सत्यभामाबाईंकडे होतं. तुरीच्या काड्या आणि भुसा यांच्या धुराने त्यांची छाती भरली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की औषधं देतो, पण धूर बंद झाला नाही तर औषधं देऊन उपयोग नाही. मग गिझर आणला. आमच्या बोअरचं पाणी असं क्षाराचं, की गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर चढला, आणि लाइटचं बिल पाहून सभापतींनी मीटरवाल्याला चहाला बोलावलं. शेवटी सत्यभामाबाईंच्या भावाने माझं नाव सुचवलं. बंब माळ्यावर गेला आणि मी गच्चीवर आलो.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. पाहुण्यांना जिना चढवून मला दाखवायला आणत. सभापती माझ्या जाळीपुढे हात धरून म्हणत, "बगा, पुढून गार वारा सोडतो आन् मागून पानी तापिवतो. असा माणूस राजकारनात पायजे." उन्हाळ्यात माझ्या पुढ्यात वाळवणं राखायला बसायची घरातल्या बायकांची चढाओढ असे. खोकला थांबला. सत्यभामाबाई भल्या सकाळी वर येत, फडक्याने माझी जाळी पुसत आणि खाली जात. आजवर मिळालेल्या शाबासकीत मला तीच मोठी वाटते.

मग मागच्या हिवाळ्यात साहेबांचा, म्हणजे पक्षाच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांचा, वाढदिवस आला.

आमची गच्ची अगदी रस्त्यावर आहे. किल्ल्याकडे जाणारा-येणारा प्रत्येक माणूस ती पाहतो. त्रिंबक नावाचे आमचे एक कार्यकर्ते आहेत. त्यांचं लग्न झालं आहे, दोन एकर रान आहे, पण खरं काम फ्लेक्स बांधणं. त्यांनी कठड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स ताणून बांधला. साहेब टाकीच्या बाजूला, मालक माझ्या बाजूला हात जोडून, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. फ्लेक्स माझ्या पंख्यापासून वीतभर अंतरावर आला. मी सोडलेला गार वारा त्या कापडावर आपटून वळायचा आणि मागून पुन्हा माझ्याच पोटात यायचा. आपलाच गार श्वास पुन्हा ओढायचा आणि त्यातून ऊब काढायची, असं काम होतं. त्यातून अडीचाचं दीडही निघेना. पाणी कोमट होऊ लागलं आणि मी दिवसरात्र चालू राहू लागलो. माझ्या नळ्यांवर बर्फ साचला.

बर्फ पाहून सभापतींचं मत पक्कं झालं. "हवाच गार, त्याच्यातून गरम काय निघनार?" ते त्रिंबकांना म्हणाले. "ह्येलाच थंडी वाजायली बे."

"घोंगडी टाकू का, मालक?"

"टाक."

मित्रांनो, ज्याला हवा हवी त्याच्यावर घोंगडी टाकणं हा मायेचा प्रकार आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. त्या दिवशी पाणी विहिरीच्या पाण्याएवढं गरम झालं.

बंब माळ्यावरून उतरला. तात्पुरता, असं ठरलं. बिलाचा आकडा आल्यावर सभापती म्हणाले, की संक्रांत झाली की हे भंगारात घाला, बंब काय वाईट होता. सत्यभामाबाई त्यावर बोलायला गेल्या, तर खोकल्याची उबळ आली. जिन्यातून तो खोकला मला रोज पहाटे ऐकू यायचा. पंख्याच्या आवाजापेक्षा तो मोठा होता.

त्यांनीच मेकॅनिकला फोन केला. अजिनाथ बीडहून आला. पहिल्यांदा त्याने घोंगडी काढली. मग जाळीपुढे हात धरला, समोरच्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं आणि रस्त्याकडच्या बाजूला काय आहे हे वाकून बघितलं. नंतर तो बराच वेळ माझा एकच स्क्रू पिळत बसला.

"काय बिघडलंय?" सभापतींनी विचारलं.

"बिघडलं काहीच न्हाई, सभापती. ह्येला वारा मोकळा पायजे. पुढून अडायलाय."

"कशानं?"

"ह्ये... कापडानं."

"कापड न्हाई ते," त्रिंबक म्हणाले. "साहेब हायत."

"मग सरकवा की जरा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नायतर काढा. वाढदिवस तर झाला."

सभापतींनी आवाज खाली आणला. "अगं, तिकिटं वाटायची येळ हाय. सायबाचा फ्लेक्स उतरला, ही बातमी सांजच्याला बीडला जाती. लोक म्हनतेल, अर्जुनराव चालले दुसरीकडं. आन् सरकवला तर म्हनतेल, सायबाला बाजूला सारलं. दुसरे आपापले फ्लेक्स उतरवतेल तवा उतरवू."

"दुसरे कवा उतरवतेल?"

"आमी उतरवला की."

यावर अजिनाथने हवामानाला दोष दिला, चहा घेतला आणि निघाला. जिन्यात मात्र सत्यभामाबाईंना हळूच म्हणाला, "वैनी, पंख्यासमोर परातीएवढं मोकळं झालं तरी भागतंय. पर मी म्हनलो असं सांगू नका. मला बी ह्याच जिल्ह्यात फिरायचंय."

दुसऱ्या दिवशी सभापती बैठकीला बीडला गेले. सत्यभामाबाई परात, कात्री आणि बंबातला एक कोळसा घेऊन वर आल्या. मागून त्रिंबक आले, कारण त्यांना कात्री दिसली होती.

"वैनी, काय करायल्या?"

"भोक."

त्रिंबक कठड्याला टेकले. "वैनी, कायबी करा, पर सायबाच्या फोटूला हात लावू नका. माझे लेकरंबाळं हायत."

"साहेब कुठंशीक आलेत?"

"ते तिकडं, टाकीपाशी."

"मग ह्या पंख्यासमोर कोन हाय?"

मागून फ्लेक्स नुसता पांढरा असतो. त्या बाजूने सगळे चेहरे सारखेच. त्रिंबक कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले आणि उलटं होऊन पाहिलं. सरळ झाले तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"वैनी, हितं तर आपले मालक हायत."

"कुठवर?"

"गळ्यापासून फेट्यापोत्तर."

सत्यभामाबाईंनी कात्री खाली केली. मला वाटलं, झालं, आता खाली जातील. त्यांना खोकला आला. तो ओसरेपर्यंत त्या एका हाताने माझं लोखंड धरून उभ्या होत्या.

"मालकाचं मी बगते," त्या म्हणाल्या. "तुमी कापड ताणून धरा."

"मालकाला काय सांगू?"

"इचारलं तर सांगा."

त्यांनी परात कापडाला लावली, कोळशाने कडेने रेघ ओढली आणि भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताने गोल कापून काढला. तुकडा त्रिंबकांच्या हातात आला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला आणि मालकांचं तोंड आपल्याकडे आहे हे पाहून घडी घालून शर्टाच्या आत ठेवला. माझा गार वारा त्या भोकातून सरळ रस्त्यावर गेला. खालून जाणाऱ्या एका शेरडंवाल्याने मफलर कानावर ओढला.

दुसऱ्या पहाटे पाणी कढत होतं. सभापतींनी बादलीत बोट घालून काढून घेतलं आणि आतूनच म्हणाले, "थंडी मोडली वाटतं." बंब पुन्हा माळ्यावर गेला. संक्रांत आली, तिळगूळ झाला, भंगारवाला आला आणि जुनी सायकल घेऊन गेला. पुढचं बिल सभापतींनी दोनदा वाचलं आणि कोणालाही चहाला बोलावलं नाही. सत्यभामाबाईंचा खोकला उतरायला होळी उजाडावी लागली, पण उतरला.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. ज्यांच्या गच्चीवर माझा कोणी भाऊबंद असेल, त्यांनी त्याच्यापुढे दोन हात जागा मोकळी सोडावी आणि मागे एक हात. हिवाळ्यात पाणी पहाटे तापवत बसू नये. दुपारी हवेत ऊब असते, तेव्हा तापवून टाकीत ठेवावं, ते सकाळपर्यंत गरम राहतं आणि वीजही कमी लागते. महिन्यातून एकदा जाळी पुसावी. घोंगडी माणसांना द्यावी. आम्ही यंत्रं तक्रार करत नाही, फक्त बिल वाढवतो, तेवढ्यावरून ओळखून घ्यावं.

तो फ्लेक्स अजून आहे. तिकिटाचं काही जमलं नाही, पण फ्लेक्स उतरवायची वेळही आलेली नाही. मधे स्वतः साहेब धारूरला येऊन गेले. आमच्या घरासमोर गाडी थांबवून त्यांनी वर पाहिलं आणि फ्लेक्स छान झालाय म्हणाले. सभापती त्यांच्या शेजारीच उभे होते, त्यांनीही वर पाहून मान डोलावली. फ्लेक्सवर अर्जुनरावांना तोंड का नाही, हे आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.