गटप्रमुख संध्या

हर्सूलच्या शाळेतून युवा नेतृत्व शिबिरासाठी दोन मुली निवडल्या गेल्या, तेव्हा मंजुषाला नवल वाटलं ते दुसऱ्या नावाचं. स्वतःचं नाव येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. नववीत पहिली, वक्तृत्वाच्या सहा ढाली तिच्या नावावर. पण संध्या? चितेगावच्या कंपनीत जाणाऱ्या कचरूची मुलगी, तिसऱ्या बाकावर बसणारी, बाई विचारतील तेव्हाच बोलणारी.

"तुझ्यासोबत कुणीतरी पाहिजेच ना," मंजुषाची आई म्हणाली. मंजुषाला ते पटलं.

शिबिर शहरात होतं, तीन दिवसांचं; शेवटी त्यातून एकाला पुण्याच्या आठ दिवसांच्या शिबिरासाठी निवडणार होते. जिल्ह्यातली साठ मुलं, दहा-दहांचे गट. दोघी एकाच गटात आल्या. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मंजुषानं दोन मिनिटांचं पाठ केलेलं भाषण केलं. टाळ्या पडल्या. संध्यानं नाव, गाव सांगितलं आणि शेजारच्या कन्नडच्या मुलाला विचारलं, "तू पहाटेच निघाला असशील. नाश्ता झाला का?" त्याचा झाला नव्हता. ती उठून त्याच्यासाठी पोहे घेऊन आली.

दुपारी चिठ्ठ्या टाकून गटप्रमुख निवडायचा होता. शिबिर घेणारे सुदर्शन सर एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते. संध्या, संध्या, आकाश, संध्या... मंजुषाचे कान तापायला लागले. शेवटी संध्याला सहा मतं, आकाशला दोन, मंजुषाला दोन. त्यातलं एक तिनं स्वतःच स्वतःला दिलेलं होतं.

चहाच्या वेळी संध्या तिच्याजवळ आली. "मला कशाला दिली गं यांनी मतं? मी तर तुलाच दिलं."

मंजुषा हसली. त्या रांगेत कप हातात धरून हसण्याइतकं अवघड काम तिनं आजवर केलं नव्हतं. दुसरं मत कुणाचं, हे कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दौलताबादला नेलं. गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, त्यांची एक अडचण शोधायची, तिच्यावर तोडगा काढायचा आणि शेवटच्या दिवशी गटप्रमुखानं तो सगळ्यांसमोर मांडायचा. किल्ल्याच्या रस्त्याला नऊ बायका पेरूच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मंजुषा वही उघडून त्यांच्यातल्या चंपाबाईंसमोर उभी राहिली.

"तुमच्या मुख्य समस्या कोणत्या आहेत?"

"काय नाय बाई," चंपाबाई म्हणाल्या. "पेरू घ्यायचे का?"

संध्या खाली बसली. टोपलीतले पेरू बघत म्हणाली, "मावशी, दुपारच्याला इथं लई ऊन लागत असंल."

"लागतं तर! त्या लिंबाखाली सावली हाय, पण चार टोपल्यांचीच. रोज भांडणं. काल त्या कडूबाईनं माझी टोपली उचलून बाजूला टाकली."

"व्हय, टाकली!" पलीकडून कडूबाई ओरडल्या. त्या साऱ्यांत थोरल्या होत्या. "साठी उलटली माझी. मी उन्हात बसू का?"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. संध्या विचारत राहिली, हसत राहिली. मंजुषा उभ्यानं लिहीत होती आणि लिहिता लिहिता तिचं डोकं मात्र भराभर चालू लागलं. नऊ बायका, चार जागा, सात दिवस. आठवड्याच्या अठ्ठावीस पाळ्या. प्रत्येकीला तीन दिल्या की एक उरते. उरलेली कडूबाईंना द्यायची. परतीच्या बसमध्ये तिनं गटप्रमुखाच्या, म्हणजे संध्याच्या वहीत पूर्ण तक्ता मांडला, नावं आणि वार घालून. कुणालाही खोट काढता आली नसती.

"मंजुषा, हे तर एकदम भारी आहे!" संध्या म्हणाली. "उद्या मी हेच सांगणार."

मी सांगणार. मंजुषाला ते टोचलं. डोकं माझं, आणि स्टेजवर ही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सादरीकरणाआधी, संध्या वही बाकावर ठेवून पाणी प्यायला गेली. मंजुषानं वही उघडली, तक्त्याचं पान फाडलं, घडी घालून ओढणीत लपवलं. आपलंच तर आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली.

संध्या स्टेजवर गेली. बायकांची भांडणं तिनं अशी सांगितली की सभागृह हसून लोळलं. मग तिनं वहीचं पान उलटलं. पुन्हा उलटलं. माईकमधून कागदांची फडफड ऐकू आली. मंजुषा खाली बघत बसली.

"तोडगा या वहीत होता," संध्या म्हणाली, "पण पान नाहीये. तोडगा मी काढलेलाही नाहीये. मंजुषानं काढलाय. तिला तोंडपाठ आहे. मंजुषा, वर ये."

साठ माना वळल्या. मंजुषा उठली. फळ्यावर तक्ता मांडायला लागली आणि सगळं सुरळीत आलं. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. खाली उतरताना तिला क्षणभर वाटलं, आता मीच.

सुदर्शन सरांनी पुण्याच्या शिबिरासाठी नाव वाचलं ते संध्याचं.

न्यायला मंजुषाचे वडील, काकासाहेब, गाडी घेऊन आले होते. संध्याच्या वस्तीवरूनच जायचं म्हणून तिलाही बसवलं.

"मग? पुण्याला कोण चाललंय?" त्यांनी आरशातून विचारलं.

"संध्या," मंजुषा म्हणाली.

काकासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "असू दे. अशा ठिकाणी आधीच ठरलेलं असतं सगळं. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही. तू मनाला लावून घेऊ नको."

संध्या खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा गाल लाल झालेला मंजुषाला दिसला. आता फक्त गप्प बसायचं होतं. वडिलांनी आयता दरवाजा उघडून दिला होता. घरी, शाळेत, सगळीकडे हेच सांगता आलं असतं.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "काही ठरलेलं नव्हतं. तिनं चांगलं केलं म्हणून तिला घेतलं. आणि तिच्या वहीतलं पान मी फाडलं."

काकासाहेबांनी गाडी बाजूला घेतली.

"मला माहीत होतं," संध्या म्हणाली. "वहीत तुकडा राहिला होता, आणि वहीपाशी तूच होतीस. तुला वर बोलावलं ते मोठेपणा म्हणून नाही, समजलं? माझ्याकडं दुसरा इलाज नव्हता. मला लई राग आलता तुझा. अजून आहे." ती दार उघडून उतरली. "काका, मी इथून चालत जाते."

वडील त्या दिवशी जेवताना मंजुषाशी एक शब्द बोलले नाहीत.

संध्या पुण्याला गेली. शाळेच्या ग्रुपवर तिचे फोटो यायचे: कधी गोल करून बसलेली, कधी कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून. मंजुषा प्रत्येक फोटो मोठा करून बघायची. तीनदा तिनं 'अभिनंदन' टाइप केलं आणि तीनदा पुसलं. खरं सांगायचं तर तिला अजूनही वाटत होतं, तिथं मी असायला हवं होतं. पान फाडल्याची लाज होती. पण म्हणून हेवा गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे तिला नवीनच कळत होतं.

परत आल्यावर संध्या आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग एका मधल्या सुट्टीत डबा घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"चंपाबाईंना तक्ता द्यायचाय. माझ्याकडं नाही."

"मी परत लिहून देते."

"त्यांना वाचता येत नाही. समजावून सांगावं लागंल. रविवारी येतीस?"

मंजुषानं तिच्याकडं पाहिलं. संध्या हसत नव्हती.

"येते," मंजुषा म्हणाली. "पण समजावणार मी."

"समजाव ना," संध्या बाकावर बसत म्हणाली. "कडूबाई तुला सुखानं बोलू देतील तर." आणि तिनं डब्याचं झाकण उघडलं.